बटाट्याचं निदान

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर कोटवाले महाराज हात पसरून ओरडत होते, "डाग दाखवा, निदान घ्या! या दिव्यदृष्टी यंत्रात हजार वैद्यांची बुद्धी आहे!" लोक बाह्या सरसावून रांगेत.

आईच्या तळपायावरचा काळा डाग वाढत होता. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. पण गेल्या आठवड्यात यंत्र म्हणालं 'निर्धोक', आणि आईने तपासणीच रद्द केली. "एवढी माणसं खुळी आहेत का गं?" असं वर मलाच विचारते! माझं डोकंच फिरलं. आज आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन मीच इथे आले.

मी पडद्याआडच्या कॅमेऱ्यापुढे गेले आणि पायाऐवजी सोललेला, डाग पडलेला बटाटा धरला.

"यंत्र ध्यानात गेलंय," महाराज म्हणाले. थोड्या वेळाने मंचावरच्या फळ्यावर अक्षरं उमटली: निर्धोक.

मी बाहेर येऊन बटाटा उंच धरला. "वाचलंत? बटाटा ठणठणीत आहे!"

हशा पिकला. महाराज कडाडले, "अश्रद्ध हाताने धरलास!"

तेवढ्यात धाकटी बहीण मोबाईल घेऊन उठली. घरबसल्या चित्रं बघून बटणं दाबायचं काम करते ती. "ताई, हा बटाटा आत्ता मला आला! कुणाचं काम ते आम्हाला सांगत नाहीत. एकच चित्र पाच-सहाजणांना जातं, जास्त जण म्हणतील ते उत्तर."

"म्हणजे वैद्य नाहीत?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"वैद्य कुठले! माझ्यासारखेच सगळे. आणि इतरांहून वेगळं उत्तर दिलं की काम बंद. म्हणून सगळे डोळे मिटून 'निर्धोक' दाबतात. बटाट्यालाही मी तेच दाबलं."

आई हळूच म्हणाली, "माझा पाय आला होता तुझ्याकडे?"

धाकटी रडकुंडीला आली. "दिवसभर पायच बघते गं. आला असेल तर तेच दाबलं असणार."

"इतक्यांचं मत खोटं कसं?" महाराजांनी शेवटचा टाहो फोडला.

"अहो, त्यातल्या एकाने तरी पाय नीट पाहिला का?" मी ओरडले. "बाबांनो, पुष्कळजण म्हणतात म्हणून मान डोलावू नका. ते कोण, त्यांना त्यातलं काय कळतं, वेगळं बोलायची मुभा होती का, हे विचारा. विचारायला कुणाच्या बापाची भीती नाही!"

आईने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. उद्या तपासणी आहे. निघेल ते निघेल, पण निदान कुणीतरी खरंच बघितलेलं असेल.