शेपटीवरची खाच

हार्लनच्या बापाने पोरांना समुद्र शिकवला तो ओल्या दोराने. पोटाखाली अंड्यांची गाबोळी धरलेली शेवंड, म्हणजे लॉबस्टर, परत पाण्यात न सोडता चुकून टोपलीत गेली की फटके, आणि प्रत्येक फटका मोठ्याने मोजायचा. अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरच्या त्या बेटावर बापाचे आकडे शेजारच्या घरात ऐकू जायचे. त्यातून हार्लन नियम शिकला. धाकटा ड्वाइट लपवालपवी शिकला. मुलगी लेनोरा झाली तेव्हा हार्लनने मनाशी पक्कं केलं होतं, ही पोरगी सगळं शिकेल, पण तिच्यासमोर कुणाच्या अंगाला हात लागणार नाही. त्या घराण्याच्या मनगटांना हे झेपणारं नव्हतं, तरी नऊ वर्षं त्याने निभावलं.

यंदा लेनोराला शाळकरी मुलांचा परवाना मिळाला आणि स्वतःचे दहा सापळे. मंगळवारी तिसऱ्याच सापळ्यातून एक धिप्पाड मादी निघाली. उजवा नांगा आखूड, नुकता परत फुटू लागलेला. पोटाखाली काळपट हिरवी गाबोळी गच्च.

"बाबा, हिचं नाव मिस ट्रंडी! आमच्या बाई अश्शाच चालतात."

"बाईंना नको सांगूस. आता काय करायचं?"

"शेपटीच्या मधल्या पाकळीच्या उजवीकडच्या पाकळीवर खाच पाडायची. म्हणजे पुढे गाबोळी नसली तरी कळतं, ही आई आहे."

"मग?"

"खाच दिसली की सोडायची. कुणीही. कधीही."

"आणि पकडणारा उपाशी असला तर?"

"तरी सोडायची! किती वेळा विचारशील?"

तिने कमरेची छोटी कात्री काढून शेपटीवर दाबली. खाच तिरकी पडली, आणि तेवढ्यात मिस ट्रंडीने डाव्या नांग्यात तिचा अंगठा धरला. नख उभं चिरलं. रक्त होडीच्या फळीवर सांडलं. हार्लनने नांग्याचं एकेक टोक धरून तो हळूहळू उघडला. पोरगी गळा काढून रडत होती, पण शेवंड तिने आपटली नाही. वाकून, दोन्ही हात पाण्यात घालून सोडली. हार्लनने अभिमानाने आपला रुमाल काढून तिचा अंगठा बांधला.

शनिवारी दुपारी धक्क्यावर ड्वाइटच्या बादलीत लेनोराने सहज डोकावलं.

"बाबा," ती म्हणाली, "मिस ट्रंडी."

उजवा नांगा आखूड. पोट ब्रशने खरवडून नागवं केलेलं, ब्रशचे दोन केस अजून चिकटलेले. आणि उजवीकडची पाकळी मुळापासून उपटलेली.

"एखाद्या सीलने तोडली असेल," ड्वाइट म्हणाला. "शेवंडी काय, सगळ्या सारख्याच."

"काका, खोटं! मी पाडली होती तिथं खाच." तिने बांधलेला अंगठा त्याच्या नाकासमोर धरला.

ड्वाइट हसला. "दादा, पोरीला संत करतोस काय? आपल्या बापाने एवढं बडवलं, त्याने समुद्र भरला का?" त्याने मादी बादलीतून काढून फळीवर टाकली. "तू आधी मोठी हो गं, मग काकाला शिकव." आणि बूट खाली आणला. कवच कडाडलं. आतलं सगळं लेनोराच्या पायमोज्यांवर उडालं.

हार्लनच्या हातात होडी ओढायची लोखंडी आकडी कधी आली ते त्यालाही कळलं नाही. पहिला घाव गुडघ्यावर बसला. ड्वाइटने पडता पडता शेजारच्या सापळ्यातली वजनाची वीट उचलून त्याच्या जबड्यावर हाणली. दोन दात गेले. हार्लन तोंडातलं रक्त न थुंकताच त्याच्या छातीवर बसला आणि केस धरून त्याचं डोकं फळीवर आपटू लागला. कुणीतरी मागून ओढलं, तर हार्लनचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. मग कुणी पुढे येईना.

"सात," हार्लन म्हणाला. "आठ." आवाज बापाचा होता. ड्वाइटचे डोळे पांढरे व्हायला लागले तरी आकडे चालूच. "नऊ. दहा."

लेनोरा पळाली नाही. ती गुडघ्यांवर बसली, कमरेची कात्री काढली, काकाचा उजवा कान चिमटीत ओढला आणि दाबलं.

ड्वाइट असा किंचाळला की हार्लनचा हात जागीच थांबला. कानाच्या पाळीला कोपऱ्यात तिरकी खाच पडली होती आणि तिच्यातून रक्ताची धार लागली होती.

"खाच पाडली," लेनोरा म्हणाली. "आता सोड त्याला. कुणीही, कधीही. तूच सांगितलंस."

हार्लनला सोडायचं होतं. पण ड्वाइटच्या केसांतली मूठ काही केल्या उघडेना. तेव्हा लेनोराने कात्री खाली ठेवली आणि मंगळवारी त्याने शेवंडीचा नांगा सोडवला होता तशी, एकेक बोट धरून, बापाची मूठ उघडली.