रिकामी घरे

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. मुळशीच्या डोंगरात, तळ्याकाठी अर्धवट राहून गेलेल्या एका वसाहतीत, पहारेकऱ्याच्या खोलीतल्या भिंतीवर माझा मुक्काम आहे. अंगावर धूळ आहे, पाठीमागे पालीचा संसार आहे, पण माझे दिवे अजून लुकलुकतात.

माझ्या अंगाला ओळीने खाचा आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात. एकेका घराची तार एकेका पोर्टात येते आणि तिथून त्या घराचं बोलणं इंटरनेटवरून जगात जातं. कुणाला वाट द्यायची आणि कुणाला अडवायचं, याचे नियम मी पाळतो. पण नियम एकेका पोर्टाला लावत नाहीत. पोर्टांचे गट करतात, गटाला नाव देतात आणि नियम त्या नावाला लावतात. पंगतीत वाढपी कुठे ज्याला त्याला नाव विचारतो? पंगत बघून वाढतो. माझंही तसंच.

मला बसवलं पौडच्या प्रियदर्शिनीने. 'घरे', 'पाहुणे', 'कचेरी' ही नावं तिचीच. एखादा पोर्ट दुसऱ्या गटात हलवायचा झाला, तर ती आधी त्या घरी जाऊन यायची आणि चहा घेतल्याशिवाय तिला कुणी सोडायचं नाही. मला तिचा फार लळा होता. पुढे कंत्राट बदललं आणि माझा कारभार पुण्यात बसलेल्या अमोघकडे गेला. त्याने मला कधी डोळ्यांनी पाहिलंही नाही.

वसाहत हळूहळू ओस पडली. कायमचे राहणारे म्हणून शरदचंद्र आणि त्यांची बायको एवढीच दोघं उरली. गेल्या पावसाळ्यात बाई आजारी पडल्या. शरदचंद्र त्यांना पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि बरेच दिवस फिरकले नाहीत. त्यांचा पोर्ट गप्प झाला. त्याच सुमारास अमोघला हुकूम आला, की वापरात नसलेल्या तारा बंद करा. त्याने 'रिकामी घरे' असा नवा गट केला, गप्प पोर्ट त्यात ढकलले आणि या गटातलं काहीही जाऊ द्यायचं नाही, असा नियम लावला.

शरदचंद्र परत आले ते एकटेच.

त्यांची मुलगी आरोही परदेशात असते. तिने अट घातली होती: बाबा रोज संध्याकाळी पडद्यावर दिसले, तरच त्यांनी इथे एकटं राहायचं, नाहीतर पुण्याच्या वृद्धाश्रमात जायचं. शरदचंद्रांना घर सोडवत नव्हतं. बायकोच्या हातच्या लोणच्याची बरणी अजून अर्धी होती.

पण पडद्यावरचा कॉल काही लागेना. पहारेकरी गेणबा त्यांना माझ्यापुढे घेऊन आला.

"डबडं तर चालू हाय, साहेब. तुमच्या तारेचा दिवा हिरवा हाय बगा."

दिवा हिरवाच होता. तार धड आहे, एवढंच तो सांगतो. वाट बंद आहे, हे सांगायला मला तोंड नाही. गेणबाने पौडहून नवी तार आणून घातली, तीही वाया गेली. दरीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून शेवटी त्याने त्यांना गाडीवर बसवून वरच्या वळणावर नेलं. तिथून त्यांनी कंपनीला आणि आरोहीला फोन केले. परत आल्यावर शरदचंद्र खुर्चीत बसले.

"ऐकलंस ना, गेणबा? 'तुमचं घर आमच्याकडे रिकामं दाखवतंय. रिकाम्या घराची तक्रार घेता येत नाही.'"

"आवं, पर तुमी तर हितं हायसा."

"आरोही म्हणते, बाबा, आता हट्ट पुरे. रिकामं दाखवतंय ना? मग करून टाकू रिकामं."

दोन दिवसांत वृद्धाश्रमाची गाडी आली. गेणबाला प्रियदर्शिनीची आठवण झाली ती गाडी घाट चढून गेल्यावर. तो तिच्या घरी गेला, तिने अमोघला फोन लावला आणि चहा निवायच्या आत शरदचंद्रांचा पोर्ट पुन्हा 'घरे' या गटात आला. त्यांना निरोप गेला. "आता नको," एवढंच त्यांनी कळवलं.

त्यांची वाट आता मोकळी आहे. तिच्यावरून काहीच येत-जात नाही. गुन्हा कुणाचा, हे मला सांगता येत नाही, पण वाईट फार वाटतं.

मित्रांनो, मोठे झालात की गट पाडायचं काम कधीतरी तुमच्याकडेही येईल. खुशाल पाडा, त्यावाचून कामं चालत नाहीत. पण कुणाच्या घराला रिकामं म्हणण्याआधी तिथवर चालत जा आणि दार वाजवा. मला पाय नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.