टेबलाखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा स्वभाव मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

पोलादपुरात, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथून जवळच, रूपालीचे घर आहे. तिने आणि तिचा नवरा हर्षद याने महाडहून सुटे भाग आणून मला घरीच जोडले. तेव्हा माझी जागा टेबलावर होती. रूपाली माझ्यासमोर बसून कर्नलमधल्या चुका शोधायची. कर्नल हा संगणकातला कारभारी. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत कामापुरती जागा द्यायची आणि काम झाले की ती परत घ्यायची, हे त्याचे काम.

मग ती ज्या कंपनीसाठी हे काम करायची, तिने तिला लॅपटॉप दिला. तो टेबलावर आला आणि मी टेबलाखाली गेलो. माझा पडदा काढला. नवा कर्नल आधी माझ्यावर चालवून बघता यावा म्हणून एका वायरने मला त्याला जोडले. मी बंद पडताना जे शेवटचे सांगायचो, ते त्याच्या पडद्यावर उमटायचे. पडायचे मी आणि रूपालीने बघायचे त्याच्याकडे! तिचे हात त्याच्यावर, माझ्या वाट्याला तिचे पाय. त्याला ती रोज मऊ फडक्याने पुसायची. माझ्या पंख्यात धूळ साचली होती.

पुढे मी अधूनमधून अचानक बंद पडू लागलो. तोच कर्नल लॅपटॉपवर नीट चालत होता. कंपनीतले साहेब फोनवर म्हणाले, "तो डबा भंगारात दे. त्याची मेमरीच खराब झाली असणार."

हर्षदनेही विचारले, "सोमवारी भंगारवाला येतो. देऊन टाकू का?"

"थांब रे. आधी तपासते, मग दोष देते," रूपाली म्हणाली.

तिने दिवसभर माझ्या मेमरीचा कोपरा न् कोपरा तपासला. कुठेही दोष निघाला नाही.

"हा खोटं बोलत नाही," ती हर्षदला म्हणाली. "याच्याकडे जागा कमी. परत आलेली जागा लगेच दुसऱ्याला द्यावी लागते. लॅपटॉपकडे रग्गड जागा, म्हणून तिथे चूक झाकली जाते. कुणीतरी जागा परत करूनही तिच्यात लिहितंय."

तिच्या सासूबाई बनुबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. गावातल्या लग्नकार्याची भांडी त्या सांभाळायच्या. त्या म्हणाल्या, "अगो, आमच्या भांड्यांचं बी तसंच हाय. टोप परत आला का मी आतून राख फासून ठेवते. राख पुसलेली दिसली का समजायचं, कुनीतरी गुपचूप रस्सा शिजवलान!"

रूपाली हसली. "आई, मीसुद्धा राखच फासणार आहे."

"त्या डब्यावर आधीच काय कमी राख हाय?"

परत आलेल्या प्रत्येक जागेत कर्नलने एकच ठरलेला आकडा भरून ठेवायचा, अशी सोय रूपालीने केली. तिसऱ्या दिवशी एका जागेतला आकडा बदललेला सापडला. ती जागा शेवटी कोणाकडे होती, तेही कळले. नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम जागा परत करून निघून जायचा, पण ठरल्या वेळी काम करायला त्याने लावलेला गजर नंतर वाजायचा आणि त्या परत केलेल्या जागेतच लिहायचा. रूपालीने आधी गजर बंद करायला लावला, मग जागा परत करायला. दोन ओळींची दुरुस्ती. मी पुन्हा पडलो नाही.

साहेबांची शाबासकी आली ती लॅपटॉपच्या पडद्यावर. रूपालीने मात्र खाली वाकून माझा पंखा साफ केला. तेव्हाही माझ्या मनात हेच, की त्याला रोज पुसते आणि मला आज.

दोन वर्षांनी रूपाली आजारी पडली आणि गेली. कंपनीचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला. मित्रांनो, खरे सांगतो, मला क्षणभर बरे वाटले. मग लक्षात आले, की त्याच्या कळांवरची अक्षरे तिच्या बोटांनी पुसट झाली होती. माझ्याजवळ तिची तेवढीही खूण नाही. अजून मला त्याचा हेवा वाटतो.

हर्षदने आता मला पुन्हा टेबलावर ठेवले आहे. त्याला कर्नलमधले काही कळत नाही. तो मला सुरू करतो, थोडा वेळ समोर बसतो आणि बंद करतो.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. जुनी वस्तू अडली, तर तिला भंगारात देण्याआधी रूपालीसारखे एकदा तपासून बघा. आणि आपले माणूस जवळ असताना ते दुसऱ्याला किती वेळ देते, हे मोजत बसू नका. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी सगळा वेळ त्या लॅपटॉपकडे बघत राहिलो.