डाव्या हाताचं स्वयंपाकघर

गोदामवाल्यांचा उभा जन्म गोदामात गेला. निवृत्त झाले तरी गोदाम अंगातून निघालं नव्हतं. घरातल्या चपलासुद्धा ते जड खाली, हलक्या वर अशा लावत. फक्त स्वयंपाकघराच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. ते होतंच एवढंसं की आत दोघं शिरली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यावा. भिंती धुराने काळवंडलेल्या, एकुलती एक खिडकी पत्र्याच्या डब्यांमागे गुदमरलेली. बायको भरदिवसा दिवा लावून तिथे राबायची आणि हे बाहेर पेपर वाचत म्हणायचे, "अगं, जरा शिस्त लाव की तिथे." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

मग एकदा वरच्या फळीवरचा डबा काढताना ती स्टुलावरून पडली. उजवा खांदा मोडला, ऑपरेशन झालं, आणि काही महिने हात वर न्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगी हॉस्पिटलातच म्हणाली, "आईला मी माझ्याकडे नेते. बाबा, आपल्याकडे मीठ कुठे असतं ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

नव्हतं माहीत. पण बायको नसलेलं घर एवढ्यातच त्यांना खायला उठलं होतं. ती लेकीकडे राहायला गेली तर आपण काय करायचं, या धास्तीने त्यांना घास उतरत नव्हता. असलं काही तोंडाने बोलायची मात्र सवय नव्हती. ते एवढंच म्हणाले, "तिला आधी घरी आण. स्वयंपाकघर बघू दे. मग काय ते तीच ठरवेल."

आणि त्यांनी स्वतःला कामाला जुंपलं. डबे हलवल्याबरोबर खिडकीतून ऊन थेट ओट्यावर आलं. भिंती खरवडून त्यांनी पांढऱ्या केल्या, शेगडीच्या वर नवा दिवा बसवला. मग गोदामाचा नियम लावला: ज्याची उचल जास्त ते हाताशी, जड ते तळाला, आणि ज्याला कोणी विचारत नाही ते भंगारात. कान तुटलेले कप आणि झाकणं हरवलेल्या बरण्या गेल्या. प्रश्न उरला उंचीचा. बायकोचा खांदा आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळ्या फळ्या त्यांनी त्या बटणाच्या खाली ठोकल्या, त्याही डाव्या हाताला.

एवढ्यावर थांबतील तर ते गोदामवाले कसले! स्वतःचा उजवा हात टॉवेलने पाठीशी बांधून, गुडघे वाकवून त्यांनी रंगीत तालीम केली. आधण ठेवण्यापासून कप विसळण्यापर्यंत सगळं एका हाताने करून पाहिलं. फक्त शेगडी पेटवली नाही, कारण चहा करायचाच नव्हता.

बायको आली, हात गळ्यात अडकवलेला. मागून मुलगी. गोदामवाल्यांनी बायकोला ओट्यापाशी उभं केलं. "डावा हात नुसता पुढे कर. चहा, साखर, मीठ. वर बघायचं कामच नाही."

तिने हात पुढे केला. साखरेचा डबा बरोबर हाताला लागला.

"बाबा, कमाल केलीत तुम्ही!" मुलगी म्हणाली, आणि गोदामवाले फुलून आले.

बायको खिडकीकडे बघत होती. "एवढं ऊन येत होतं होय इथे," ती म्हणाली. मग फळ्यांवरून तिची नजर फिरली. "म्हणजे हात मोडला तरी माझी सुटका नाही."

"अगं, तुझ्यासाठीच तर केलं सगळं!"

"तेच म्हणतेय मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोदामवाल्यांना मनापासून लाज वाटली. मुलगी बापाकडे न बघता म्हणाली, "आई, मी तुझे कपडे भरते."

"जाऊ नकोस," गोदामवाले बायकोला म्हणाले. "तू नसलीस की मला करमत नाही."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं, कारण मुलगी दारात थबकली. बायको खुर्ची ओढून उन्हात बसली आणि म्हणाली, "चहा करा."

ते कमरेत वाकले. चहासाठी वाकले, साखरेसाठी आणखी वाकले, उठताना फळीवर डोकं आपटलं. दूध उतू गेलं. चहा झाला, पण तो चहा आहे हे सांगावं लागलं असतं. तिने सगळा प्यायला.

"कपडे राहू देत गं," ती मुलीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, "आणि तुम्ही उद्या या फळ्या वर घ्या. तुमच्या खांद्याइतक्या."

"अगं आई, मग तुझा हात कसा पोचेल?" मुलगी म्हणाली.

"नाहीच पोचायला पाहिजे."