नागपूर ते चेन्नई, एक तास चाळीस मिनिटं

रूपरावांनी पेटता चूड सरणापर्यंत नेला आणि पुन्हा मागे घेतला.

"मंजू, उतरलं काय?"

"नाई बाबा. अजून हवेतच हाय."

विमान उतरून दोन तास होत आले होते. मंजुषाने फोन ओढणीखाली झाकला.

धाम नदीच्या या काठावर बायका येत नसत. ती आली, कारण फोन तिच्याजवळ होता. "पोरगी घाटावर! गाव काय म्हणंन?" असं बंडूजीकाका कुरकुरले, तेव्हा तिचे वडील एवढंच म्हणाले होते, "गावापाशी विमानाचा टाइम हाय काय?"

पहाटे नागपूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी पीयूष गेल्याचं सांगितलं. डोक्यातली नस फुटून मेंदू मेला होता. त्या क्षणी रूपरावांचा तळवा लेकाच्या छातीवर होता आणि तळव्याखाली काळीज चालू होतं. वांग्याच्या वाफ्यांना पाणी सोडणाऱ्या मोटारीसारखं, एकसुरी, बेफिकीर. काळीज दान करण्याच्या कागदावर त्यांनी सही केली. फक्त विचारलं, हे बंद कधी पडेल? काढल्यावर, डॉक्टर म्हणाले. बर्फाच्या पेटीत ते थांबलेलं असेल. चेन्नईत दुसऱ्या छातीत बसवलं की पुन्हा सुरू होईल.

"मंग विमान उतरायच्या आत अग्नी द्याचा. चालत्या काळजाच्या माणसाले मी जाळणार नाई."

मंजुषाने फोनवर शोधलं. अंतर नऊशे किलोमीटर, उड्डाण एक तास चाळीस मिनिटं. तिच्या भावाला पुरतं मेलेलं असण्यासाठी आकाशाने एवढीच जागा दिली होती. ती इस्पितळाच्या कागदांत आणि पवनारच्या रस्त्यात संपून गेली. 'उतरलो' हा निरोप शववाहिकेतच आला. विमान उशिरा सुटलं, असं तिने वडिलांना सांगितलं.

"जिता होता तवा पुलगावच्या पुढं गेला नाई," बंडूजी नाक पुसत म्हणाले, "अन् आता पाहा, मद्रासले चालला. भाऊ, उरक आता. काऊन थांबला?"

फोन थरथरला. पेटीसोबत गेलेल्या, इस्पितळातल्या ज्योत्स्नाताईंचा आवाज दबका होता, हर्ष लपवता न येणारा.

"मंजुषा, सुरू झालं. पहिल्याच प्रयत्नात. ऐक."

त्यांच्या आवाजामागे यंत्राची टिकटिक होती. संथ. ओळखीची.

रूपराव तिच्याकडे बघत होते. तिने होकाराची मान हलवली तर हा चूड पाण्यात विझेल आणि पीयूष असाच उघड्यावर पडून राहील, हे तिला दिसत होतं.

"काय म्हणते?"

"अजून वरच हाय, बाबा. ढगात हाय. लावा तुम्ही."

त्यांनी तोंड फिरवलं आणि चूड टेकवला. तुपाने भिजलेल्या गोवऱ्यांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग ज्वाळ छातीकडे सरकली.

कानातली टिकटिक भरभर होऊ लागली.

"ताई?"

"काही नाही गं," ज्योत्स्नाताई म्हणाल्या, पण कुणाशी तरी बोलण्यासाठी त्या वळल्याचं जाणवलं. "ठोके अचानक वाढलेत. सुरुवातीला होतं कधी कधी."

लाकूड तडकलं. तिकडे आणखी एक यंत्र वाजू लागलं.

रूपराव दोन पावलं मागे येऊन तिच्याशेजारी उभे राहिले. पीयूषला इस्पितळात नेल्यापासूनच्या तीन दिवसांत प्रथमच त्यांचे खांदे सैल पडले होते.

"उतरलं काय गं?"

मंजुषाने आवाज बाहेर झिरपू नये म्हणून फोन कानावर घट्ट दाबून धरला.

"आता उतरलं, बाबा."