गुणी बाळ

जन्मल्यावर मुलगी एकदाच खणखणीत रडली आणि मग गप्प झाली, ती साऱ्या घराच्या कौतुकाला पात्र ठरली. "रडणं नाही, कुरकुर नाही. किती गुणी!" येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाईंनी हेच ऐकवलं. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आल्यावर नणंदेने फोनवर आणखी भर घातली.

मुलगी आपली झोपलेलीच. अंगावर घेतलं की दोनदा ओढायची आणि तोंड उघडं टाकून डुलकी घ्यायची.

"आई, ही नीट पीत नाही. पिवळीही वाटतेय," सून एकदा म्हणाली होती.

"या दिव्यात सगळेच पिवळे दिसतात. झोपू दे तिला."

तिने झोपू दिलं. उलटून बोलत नाही, गुणी आहे, अशी तिचीही घरात ख्याती होती.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालं, तेव्हा कुठे सगळ्यांची पळापळ झाली. दवाखान्यात रक्तातल्या काविळीचा आकडा आला आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही अशी शांत कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून! फार गुणी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"गुणी नाही हो आजी, सुस्त आहे. कावीळ भरलीय अंगात, पोटात दूध नाही. रडायचंही त्राण नाही तिच्यात. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही, तर रक्त बदलावं लागेल."

मुलीला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. दर दोन तासांनी दूध काढायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. पाजताना झोपली की तळपायाला टिचकी मारायची.

"जोरात मारा," सिस्टर म्हणाली.

पाच दिवसांच्या पोरीला मारायचं! तिने डोळे मिटून टिचकी मारली. चार चमचे घशाखाली गेले, तीन हनुवटीवरून ओघळले. दुपारीही तेच.

नवरा थर्मास ठेवून दबक्या आवाजात म्हणाला, "आईला डॉक्टरांचं बोलणं फार लागलंय गं. तू काही बोलू नकोस हं."

तिला हसूच आलं. कडू हसू.

चार वाजता तिने पुन्हा टिचकी मारली, आणि पोरीने असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड दणाणला. सिस्टर खूश झाली. तेवढ्यात सासूबाई धावत आल्या. "अगंबाई, हिला काय झालं? किती गुणी होती!"

"आई, तो शब्द माझ्या मुलीला पुन्हा लावायचा नाही."

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

"का हळू? हळू बोलले म्हणूनच आज इथे आलोय."

सासूबाईंचा चेहरा पडला. त्या पदराशी चाळा करत बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

सहाला आकडा आला. उतरला होता, थोडासाच. आज तरी रक्त बदलायला नको. नवऱ्याने हुश्श केलं. तिला मात्र हुश्श करता येईना. सासूबाईंनी नुसता चेहरा पाहिला होता. मुलगी दूध ओढत नाही, हे छातीशी धरणाऱ्या आईला कळत होतं. दोन दिवस कळत होतं.

मुलगी पुन्हा किंचाळत होती. तिने वाटी बाजूला ठेवली आणि पट्टीआडच्या त्या डोळ्यांपाशी वाकली.

"रड," ती म्हणाली. "माझ्या नावाने रड."