शेवंडीच्या दोन शेपट्या

"बाबा, आज नाही जमत यायला. ह्यांचे साहेब जेवायला येतायत, बायकोला घेऊन. ह्यांनी शेवंडीच्या शेपट्या आणून ठेवल्यात, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

फोन कानाशी धरून निवृत्त आचाऱ्याने स्वतःच्या ओट्यावरच्या, लॉब्स्टरच्याच दोन शेपट्यांकडे पाहिले. लेक पाच महिन्यांनी जेवायला येणार, म्हणून त्याने त्या आदल्या दिवशीच आणल्या होत्या. चाळीस वर्षे मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात उभे राहून त्याने असल्या हजारो शेपट्या परक्यांच्या ताटांत धाडल्या. पोटच्या पोरीला मात्र एकदाही खाऊ घातली नव्हती. त्याने एवढेच विचारले,

"बर्फ वितळलाय का?"

"छे! दगड आहेत नुसते. गरम पाण्यात टाकू?"

"खबरदार! चिवट होतील. पिशवीत घालून गार पाण्यात बुडव. अर्धा तास. तोवर लसूण ठेच."

अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजला. "आवाज मोठा करून ओट्यावर ठेवलाय बाबा. सांगा."

"कात्री घे. पाठीवरचं कवच मधोमध काप, टोकाच्या पंख्यापर्यंत. पोटाकडून कापायचं नाही."

"कापलं. ही काळी दोरी कसली?"

"आतडं ते. ओढून टाक. आता बोटाने मांस सोडव आणि वर उचलून कवचावरच बसव. टोकाशी जोडलेलं राहू दे."

"अय्या! घोड्यावर बसल्यासारखं दिसतंय."

"मग लोणी चोपड अन् हाक घोडा!"

ती खळखळून हसली. तिला नीट सांगता यावे, अशी स्वतःची समजूत घालून त्यानेही एक शेपटी कापली, लोणी-लसूण लावून तव्यावर ठेवली. दोन घरांतल्या दोन तव्यांची चरचर एकमेकींत मिसळली. तेवढा वेळ लेक त्याच्या कोपराशी उभी होती.

"मांस काचेसारखं आहे तोवर थांब. दुधासारखं पांढरं झालं की उतरव. पुढे एक मिनिटही नको."

"झालं! बाबा, काय सुरेख दिसतंय! आले वाटतं ते. ठेवते हं."

पण घाईत फोन बंद करायचा राहिला.

"अगं, काय वास सुटलाय!" एका परक्या, वयस्क बाईचा आवाज स्वयंपाकघरात शिरला. "कुठे शिकलीस?"

"माझ्या बाबांकडून."

आचाऱ्याची मान आपसूक ताठ झाली.

"हो का? काय करतात ते?"

"हॉटेलात होते. मॅनेजर."

त्या हॉटेलच्या मॅनेजरला कात्री कवचाच्या कोणत्या बाजूने घालतात हेही ठाऊक नव्हते. पण वाद घालण्याची ही वेळ नव्हे. आपल्या तव्याची चरचर पलीकडे ऐकू जाईल, हे ध्यानात येताच त्याने गॅस बंद केला, तळव्याने फोन झाकला, आणि त्या दोघींच्या गप्पा पडद्यांच्या कापडाकडे वळेपर्यंत, श्वासही जपून घेत, तो तसाच उभा राहिला.